ग्लुकोजचा दर, इथेनॉलचा दर आणि माझी चूक

यीस्ट ग्लुकोजपासून इथेनॉल (दारूतलं अल्कोहोल) आणि कार्बन डायऑक्साइड करतं, त्या किण्वनाच्या दरावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया वाचून आधी जरा रागच आला, मग वही काढून बसलो. तुमचं म्हणणं असं: एकाच अभिक्रियेला मी दोन दर लावले, १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल हे तुमच्या ०.५३८ शी (एक ग्रॅम साखरेमागे इतके ग्रॅम इथेनॉल) जुळत नाही. आणि वायू निघून गेल्याने फ्लास्कच्या वजनात होणाऱ्या घटीवरून दर काढणं भोंगळ आहे. पहिले दोन आक्षेप मला मान्य नाहीत. तिसऱ्यात मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत.

ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात. त्यामुळे लीटरमागे तासाला ०.०१ मोल (रेणू मोजायचं एकक) ग्लुकोज संपत असेल, तर इथेनॉल ०.०२ मोलने वाढणारच. ज्याला त्याला आपापल्या सहगुणकाने, म्हणजे समीकरणातल्या रेणूंच्या संख्येने, भागा, दर ०.०१ च येतो. ०.५३८ साठी तुम्ही ३४२ ने भागलंत, ते मोलचं वजन सुक्रोजचं, म्हणजे चहातल्या साखरेचं! ग्लुकोजला ०.५११ च. तीही कमाल मर्यादा, कारण यीस्ट थोडी साखर स्वतःच्या वाढीला वापरतं, थोडीचं ग्लिसरॉल करतं.

आता हा ०.०१ आला कुठून, ते बघू. एक लीटर द्रावणाचं वजन पाच तासांत ४.४ ग्रॅमने घटलं. म्हणजे ०.१ मोल वायू, म्हणजे ०.०५ मोल ग्लुकोज, भागिले पाच. हिशोब चोख, पण तयार झालेला सगळा वायू बाहेर पडला असं मी गृहीत धरलं! २५ अंश सेल्सिअसला एक लीटर पाण्यात सुमारे दीड ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळून राहतो. तो तराजूला दिसतच नाही. तो धरला तर वायू ५.९ ग्रॅम आणि दर ०.०१३४. माझा आकडा खऱ्याच्या जेमतेम तीन-चतुर्थांश निघाला.

तुम्ही सुचवलेला उपाय, फ्लास्क हलवणं, अर्धाच आहे. हलवल्याने द्रावणात क्षमतेपेक्षा जास्त अडकलेला वायू सुटतो, पण हा दीड ग्रॅम आतच राहतो. त्यापेक्षा सुरुवातीचे तास सोडून द्यावेत. द्रावण एकदा संपृक्त झालं की पुढे तयार होणारा वायू बाहेरच पडतो. वहीत पाचव्या ते नवव्या तासातली घट सापडली: ४.७ ग्रॅम. चार तासांचा दर काढला तर ०.०१३ च्या थोडा वर. लेखातला तक्ता आजच बदलतोय.