सहाशे वर्षांचं बोकडाचं देणं आणि ‘देखाव्या’चा आरोप

युरोपला निघालेल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जर्मनी हा बिअरचा देश, तिथली वाइन म्हणजे साखरपाणी. ऱ्हाइन-मोझेलकाठची छोटी गावं हा पर्यटकांसाठी रंगवलेला देखावा, तिथले उत्सवही त्यांच्याच खिशासाठी. एक गाव पाहिलं की सगळी पाहिली. न पिणाऱ्याने तिकडे फिरकू नये, आणि भाड्याची गाडी नसेल तर विचारही करू नये. म्हणून ऱ्हाइनवर बोटफेरी करा, रुडेसहाइमला तासभर थांबा आणि पुढे चला.

हे वाचून अनेकांनी बेत बदलले, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

बिअर आणि साखरपाणी हे मुद्दे लवकर निकालात निघतात. जर्मन माणूस वाइनपेक्षा बिअर कितीतरी जास्त पितो, हे खरं. पण त्याच देशात वाइनचे १३ अधिकृत प्रदेश आणि सुमारे १ लाख हेक्टर द्राक्षबागा आहेत, आणि रीसलिंग द्राक्षाची लागवड जगात सर्वांत जास्त तिथेच आहे. गोडपणाची ख्याती मुख्यतः परदेशात स्वस्तात विकल्या गेलेल्या गोड बाटल्यांमुळे झाली. बाटलीवर ‘ट्रोकन’ (कोरडी, म्हणजे गोड नसलेली) लिहिलेलं असेल तर लिटरमागे साखर जास्तीत जास्त ९ ग्रॅम. अशी कोरडी वाइन आज प्रत्येक गावात मिळते, आणि गावकरी स्वतः बहुधा तीच पितात.

खरा वाद देखाव्याच्या आरोपाचा आहे. त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. रुडेसहाइमची ड्रॉसेलगासे ही जेमतेम दीडशे मीटरची बोळ उन्हाळ्यात पर्यटकांवरच चालते. फाल्त्स प्रदेशातला ८५ किलोमीटरचा प्रसिद्ध ‘वाइन रस्ता’ तर १९३५ साली नाझी राजवटीने जाहिरातीसाठी आखला. तेव्हा सलग भरघोस पीक आलं होतं आणि माल पडून होता. त्याच काळात इथल्या वाइन व्यापाराचा कणा असलेल्या ज्यू व्यापाऱ्यांना धंद्यातून हुसकावलं जात होतं. त्या रस्त्यावरून जाणाऱ्याने हे माहीत करून घ्यावं. पण रस्त्याची पाटी नवी म्हणून त्यावरची गावं बनावट ठरत नाहीत.

याच रस्त्यावर डाइडेसहाइम आहे. शेजारच्या लाम्ब्रेख्ट गावाला डाइडेसहाइमच्या रानात गुरं चारायचा हक्क होता, आणि त्याच्या बदल्यात दरवर्षी एक बोकड द्यायचा असा करार. या देण्याचा माग १४०४ सालापर्यंत लागतो. आजही पेंटेकॉस्ट या ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणानंतरच्या मंगळवारी लाम्ब्रेख्टचं नवपरिणीत जोडपं बोकड घेऊन डोंगरवाटेने पायी येतं. बोकडाची तपासणी होते, कारण शिंगं भक्कम हवीत आणि अंडही भरदार हवेत अशी जुनी अट आहे. संध्याकाळी नगरभवनाच्या दगडी पायऱ्यांवर लिलाव सुरू होतो. शेवटची पंधरा मिनिटं बोली चढत जाते आणि सहाच्या ठोक्याला बोकड ज्याच्या नावावर असेल त्याचा. पाहायला गर्दी जमते, दुकानं लागतात, सगळं होतं. तरी मुळात हा दोन गावांमधला चराईचा हिशेब आहे आणि तो अजून चुकता केला जातो.

मोझेलकाठचं बेर्नकास्टेल-कूएस हे आणखी ठसठशीत उदाहरण. पुलाच्या अलीकडे लाकडी चौकटींच्या घरांचा चौक आहे, सगळे फोटो तिथलेच. पलीकडच्या काठावर, कूएसमध्ये, निकोलाउस फॉन कूएस या कार्डिनलने (कॅथलिक चर्चमधल्या वरिष्ठ धर्मगुरूने) १५व्या शतकात आपल्या संपत्तीतून वृद्धाश्रम उभारला. येशूच्या आयुष्याची ३३ वर्षं मानतात म्हणून ३३ जणांची सोय, आणि खर्चासाठी द्राक्षबागा लावून दिल्या. तो वृद्धाश्रम अजून चालू आहे, बागाही संस्थेकडेच आहेत. कार्डिनलचा देह रोममध्ये पुरला, पण हृदय त्याच्या इच्छेप्रमाणे इथल्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, आहे. आत त्याने जमवलेल्या हस्तलिखितांचं ग्रंथालय आहे. फोटोवाल्या चौकातून पूल ओलांडून इथे यायला काही मिनिटं लागतात, आणि ती बहुतेक जण काढत नाहीत.

‘उत्सव पर्यटकांसाठी’ हेही तपासून पाहू. फाल्त्समधल्याच बाड ड्युर्कहाइमच्या ‘वुर्स्टमार्क्ट’ (सॉसेज-बाजार) या वाइन-उत्सवाला सप्टेंबरात लाखो लोक येतात. त्याची सुरुवात मिषाएल संताच्या टेकडीवरच्या चॅपेलला येणाऱ्या यात्रेकरूंपासून झाली. आसपासचे शेतकरी हातगाड्यांवर वाइन, पाव आणि सॉसेज घेऊन विकायला बसत. म्हणजे आपल्याकडच्या ग्रामदैवताच्या जत्रेत जसा बाजार भरतो, तसाच हा. तिथल्या जुन्या धाटणीच्या ठेल्यांना आजही हातगाडीचंच नाव आहे. लांबलचक बाकांवर अनोळखी माणसं खेटून बसतात आणि अर्ध्या लिटरचा, बाहेरून खळगे असलेला पेला हातोहात फिरतो. खळगे अशासाठी की सॉसेजने तेलकट झालेल्या हातातून तो निसटू नये.

‘वाइन-राणी’ची, म्हणजे वाइनची प्रतिनिधी म्हणून मिरवणाऱ्या तरुणीची, निवड म्हणजे सौंदर्यस्पर्धा, असंही त्या मजकुरात आहे. १९४९ पासून निवडल्या जाणाऱ्या राष्ट्रीय वाइन-राणीला लागवड, रोग, तळघरातली प्रक्रिया यांवर तज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. १९९५ची राणी युलिया क्लोक्नर पुढे देशाची कृषिमंत्री झाली आणि २०२५ मध्ये संसदेची अध्यक्ष.

‘एक पाहिलं की सगळी पाहिली’ हे वाक्य लिहिणाऱ्याने बहुधा एकच पाहिलं असावं. मोझेलवर ब्रेम गावच्या मागे कालमोंटचा उतार ६० अंशांहून तीव्र आहे, तिथे मजूर आणि द्राक्षं एका रुळाच्या छोट्या गाडीने वर-खाली जातात. आर नदीच्या खोऱ्यात मात्र मुख्यतः लाल वाइन होते. तिथल्या मायशोसमध्ये १८६८ पासून बागायतदारांची सहकारी संस्था आहे. सहकाराची सवय असलेल्या मराठी माणसाने ती जरूर पाहावी. २०२१च्या जुलैत या खोऱ्यात महापूर आला आणि १३०हून अधिक माणसं गेली. तळघरं चिखलाने भरली. बागायतदारांनी त्याच चिखलाने माखलेल्या बाटल्या ‘पुराची वाइन’ म्हणून विकल्या आणि मदतनिधीत चाळीस लाख युरोंहून अधिक जमले. इतर प्रदेशांतले बागायतदार ट्रॅक्टर घेऊन मदतीला धावले. देखाव्यासाठी कोणी असं धावत नाही.

न पिणाऱ्यांसाठी तर मी आग्रहाने लिहितो. या गावांत बागायतदार आपल्या अंगणातच तात्पुरती खाणावळ उघडतो, तिला श्ट्राउसविर्टशाफ्ट म्हणतात. कायदा असा: वर्षात जास्तीत जास्त चार महिने, साधारण चाळीसच जागा, वाइन फक्त स्वतःची, जेवण साधं. दारावर डहाळ्यांची जुडी किंवा झाडू टांगलेला दिसला की आत जायचं. शेडमधला ट्रॅक्टर बाजूला काढून बाकं मांडलेली असतात आणि सकाळी बागेत राबलेलं घरचंच कोणी तुमच्यापुढे ताटली ठेवतं. नाशिकच्या मोठ्या वायनरीतली तिकीट काढून होणारी फेरी डोळ्यांपुढे असेल, तर हे वेगळंच वाटेल. त्याच बागेतल्या द्राक्षांचा रस बहुतेक ठिकाणी मिळतो. शाकाहाऱ्यांनी उकडलेले बटाटे आणि ताजं पांढरं चीज मागावं, किंवा माइन्त्सच्या बाजूला श्पुंडेकेस, म्हणजे लसूण-कांदा घातलेलं मऊ चीज, सोबत खारी ब्रेत्सेल, म्हणजे पिळाचा पाव. शरद ऋतूत मिळणाऱ्या कांद्याच्या टार्टमध्ये मात्र बहुधा डुकराचं मांस असतं, तेव्हा आधी विचारा.

राहिला गाडीचा मुद्दा. डाइडेसहाइम आणि बाड ड्युर्कहाइम नॉयश्टाटहून निघणाऱ्या एकाच लोकल मार्गावर आहेत, आणि नॉयश्टाटला मानहाइमहून एस-बान, म्हणजे उपनगरी रेल्वे, जाते. रुडेसहाइमला फ्रँकफर्टहून थेट गाडी आहे. बेर्नकास्टेलला रेल्वे नाही, पण विटलिख स्टेशनवरून बस मिळते. उलट गाडी असेल तर अडचणच, कारण रक्तातल्या मद्याची मर्यादा हजारी ०.५ इतकीच आहे. अंगणातल्या खाणावळी कुठल्या आठवड्यांत उघड्या आहेत ते मात्र निघण्याआधी बघून घ्या, नाहीतर झाडू दारावरून उतरलेला असेल.