शेगाव लागलं का वाटेत?

रविवारी संध्याकाळी सीएसएमटीहून विदर्भ एक्सप्रेस, सोमवारी सकाळी नागपूर. हायकोर्टाच्या खंडपीठात आमचं प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, ४७वं आणि कोर्ट उठलं ३१व्यावर. रात्री परतीची गाडी. विधी अधिकाऱ्याच्या (नातेवाइकांच्या भाषेत 'सरकारी वकिलिणी'च्या) नशिबात हे नेहमीचंच. नवल घडलं बुधवारी. प्रवासात गेलेल्या रविवारच्या बदल्यात एका दिवसाच्या रजेचा अर्ज घेऊन मी आस्थापना शाखेत गेले.

तिथले भाऊसाहेब ओठ हलवत वाचतात. अर्ज चार ओळींचा, त्यांनी दोनदा वाचला.

"मॅडम, रविवारी काम काय केलंत?"

"प्रवास. ८३७ किलोमीटर."

"ते गाडीनं केले. तुम्ही बसलात."

"हो."

"आणि रात्री?"

"पडले होते. समोरचे गृहस्थ असे घोरत होते की..."

"झोपलात." समासात पेन्सिलीनं टिंब पडलं. "झोप काही कामात धरता येत नाही."

"अहो, प्रतिज्ञापत्राची फाईल उशाला घेऊन!"

"मग तर छान लागली असेल."

सनद घेतल्यापासून इतकी स्वच्छ उलटतपासणी मी पाहिलेली नाही. आक्षेप घ्यायला समोर न्यायाधीश नव्हते, एक शिपाई होता आणि तो हसत होता.

"शेगाव लागलं का वाटेत?"

"लागलं. पहाटे."

"हात जोडलेत?"

आता शेगाव आल्यावर कोण जोडत नाही? अख्खा डबा जोडतो. मीही अर्धवट झोपेत, पांघरुणातूनच जोडले होते. खोटं कशाला बोला, म्हटलं, "जोडले."

"म्हणजे देवदर्शनही झालं," असं म्हणून त्यांनी दुसरं टिंब दिलं.

माझी कॉलेजची मैत्रीण अमेरिकेत केंद्र सरकारची वकील आहे. तिकडे २००४ साली यासाठी चक्क कायदा झाला. कामाच्या वेळेबाहेर, कामासाठी केलेल्या प्रवासाचे तास मोजून तितकी सुट्टी. विमानतळावर ताटकळलेला वेळसुद्धा मोजतात, पाव-पाव तासानं! ती सुट्टी पुढच्या २६ पगारांत संपवली नाही तर बुडते. त्यांचा पगार पंधरवड्याला, म्हणजे झालं वर्ष. परवा फोनवर ती तणतणत होती, घर ते विमानतळ हा वेळ धरला नाही म्हणून. मी कपड्यांच्या घड्या घालत नुसतं 'हं हं' केलं. दुसरं काय बोलणार?

आमच्याकडे २०२० पासून आठवडा पाच दिवसांचा झाला, त्याचे पेढेही वाटून झाले. पण सोमवारची तारीख लागली की माझा रविवार सोमवारच्या खिशात. या खेपेला मुलाचा शाळेचा चार्टपेपर नवऱ्यानं केला. भारताच्या नकाशात श्रीलंका बंगालच्या बाजूला चिकटवली. तोही विषय सोडून देऊ. पण रविवारी रात्री अकोल्याच्या अलीकडे ती फाईल चोरीला गेली असती, तर मेमोत पहिली ओळ काय आली असती? 'कर्तव्यावर असताना हलगर्जीपणा.' तेव्हा मी झोपलेली नसते, देवदर्शनालाही गेलेली नसते. तेव्हा मी पक्की ड्युटीवर!

हे मी भाऊसाहेबांना जरा चढ्या आवाजात ऐकवलं. त्यांनी शांतपणे अर्जाची घडी घातली.

"पुढची तारीख कधी?"

"तीन आठवड्यांनी. सोमवार."

"मग घाई कशाला? दोन्ही रविवारांचा एकच अर्ज करा, कागद वाचेल. आणि मॅडम, येताना शेगावला उतरता आलं तर बघा. आमच्या हिनं कधीचा प्रसाद सांगितलाय."