शाळा तुमचीच आहे, सही इथे करा

सगळ्यात आधी अभिनंदन! शाळा व्यवस्थापन समितीवर निवड झाली म्हणे तुमची. पालकसभेला उशिरा पोचलात, दारातच उभे राहिलात, हेडसरांची नजर तुमच्यावर पडली, "हे कसे वाटतात?" असं त्यांनी विचारलं आणि घरी जायची घाई असलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, असंच झालं ना? लाजू नका. माझीही निवड अशीच झाली होती, मी तर पोरगा घरी विसरलेली पाण्याची बाटली द्यायला गेलो होतो आणि अध्यक्ष होऊन परत आलो, बाटली हातातच राहिली.

तर आता तुम्ही पदाधिकारी झालात म्हणून अनुभवाचे चार शब्द सांगतो, फुकट आहेत, ऐकून घ्या.

कायदा वाचा, पण एकदाच. शिक्षण हक्क कायदा, २००९. कलम २१ म्हणतं समितीत किमान ७५ टक्के पालक पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कलम २२ म्हणतं शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा. अध्यक्ष पालकांमधला, हेडसर नुसते सचिव. वाचताना छाती फुगते, फुगू द्या, कारण थोड्याच दिवसांत तुमच्यापुढे एक रजिस्टर येईल ज्यात बैठकीचं इतिवृत्त बैठकीच्या आधीच लिहून तयार असेल, सुंदर अक्षरात, विषय क्रमांक एक ते सहा, प्रत्येकाखाली "सर्वानुमते मंजूर", आणि सगळ्यात शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय : निरंक", म्हणजे काहीच नाही. त्याच्या खाली पेन्सिलीनं बारीकशी फुली मारलेली असेल. सही तिथे करायची. याला स्थानिक नियंत्रण म्हणतात.

यात हेडसरांना नावं ठेवू नका बरं का. त्या माणसाच्या मोबाइलवर सकाळपासून 'तात्काळ', 'अतितात्काळ', 'आजच दुपारी दोनपर्यंत' अशी माहिती मागवत असतात, कुणाचं आधार जुळत नाही, यू-डायसवर (शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) कुणाचा रकाना लाल दिसतोय, कुठल्याशा लिंकवर फोटो चढत नाहीये. कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत. पण ऑनलाइन फॉर्म भरणं हे शैक्षणिकच काम आहे, भरता भरता सर किती शिकतात बघा.

विकास आराखड्याचंही टेन्शन घेऊ नका, त्याचा नमुना तयार मिळतो. "आमच्या शाळेच्या स्थानिक गरजा लक्षात घेता" इथून सुरुवात आणि पुढे शाळेच्या नावाची जागा रिकामी. स्थानिक गरजा सगळ्या तालुक्यात सारख्याच निघतात हा एक चमत्कारच आहे. आमच्या आराखड्यात "शाळेशेजारील नदीमुळे सुरक्षेच्या दृष्टीने संरक्षक भिंत आवश्यक" असं एक वाक्य होतं. आमच्या गावाला नदी नाही. भिंत मात्र हवी होती, म्हणून आम्ही नदी राहू दिली.

आता मोठ्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो तुम्हाला कुणीतरी विचारणारच, लग्नात, दवाखान्यात, एसटीत. शाळेत काय शिकवायचं हे दिल्लीनं ठरवावं की मुंबईनं की गावानं? अध्यक्ष म्हटल्यावर मत लागतं. तर एवढंच पाठ करा: वरच्याशी बोलताना 'विविधता' म्हणायचं, खालच्याशी बोलताना 'समानता' म्हणायचं. कुठल्याही पायरीवर उभे असा, चालतंच.

ही युक्ती माझी नाही, चांगली मुरलेली आहे. शिक्षण पूर्वी राज्यांच्या सूचीत होतं, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं ते समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे केंद्राचंही आणि राज्याचंही. दोन भावांच्या सामाईक विहिरीसारखं, पाणी दोघांचं आणि मोटर जळली की दुसऱ्याची. मग २०२० चं राष्ट्रीय धोरण आलं, १०+२ जाऊन ५+३+३+४ आलं (बेरीज करून बघा, वर्षं तीन वाढलीत, ती बालवाडीची आहेत, घाबरू नका). धोरण काही कायदा नसतं, कुणावर सक्ती नसते. तामिळनाडूनं पीएमश्री शाळांच्या (निवडक सरकारी शाळा आदर्श करायची केंद्राची योजना) करारावर सही केली नाही आणि समग्र शिक्षा या केंद्राच्या शाळा-योजनेचे आपले २,१५२ कोटी रुपये अडकले असं ते सरकार सांगत होतं, पण सक्ती कुणी केली का? नाही. सहीचं महत्त्व मी वर सांगितलंच, ते सगळ्या पातळ्यांवर सारखं आहे.

आपल्याकडे तर २०२५ चं साल या विषयाच्या अभ्यासाला फारच सोयीचं गेलं. १६ एप्रिलला जीआर निघाला, पहिलीपासून हिंदी अनिवार्य. महाराष्ट्र पेटला. १७ जूनला दुसरा जीआर, त्यात 'अनिवार्य' गेलं आणि 'सर्वसाधारणपणे' आलं, म्हणजे हिंदी नको असेल तर दुसरी भाषा घ्या की, फक्त वर्गातली वीस पोरं तयार पाहिजेत. ज्या शाळेचा सगळा पटच अठरा आहे तिथे वीस पोरं कुठून आणायची हे त्यात नव्हतं, पण सगळंच जीआरमध्ये लिहायचं म्हटलं तर स्थानिक पातळीला काय उरणार. २९ जूनला दोन्ही जीआर रद्द झाले आणि समिती नेमली. पहिलीतल्या पोराला अजून 'अ' कुठून काढायला घ्यायचा ते कळलं नव्हतं, तेवढ्यात राज्याची अस्मिता त्याच्या दप्तरात जाऊन बाहेरसुद्धा आली.

मीही स्टेटस ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू. "वरून लादलेलं चालणार नाही." शंभराच्या वर लोकांनी बघितलं. आणि त्याच जूनमध्ये आमच्या पहिलीला सीबीएसईच्या धर्तीवरचा नवा अभ्यासक्रम लागू झाला, तो काही आम्हाला विचारून झाला नाही, पण त्यावर मी स्टेटस ठेवलं नाही, कारण घरातल्या तीन वहिन्यांना सीबीएसई हा शब्द ऐकूनच बरं वाटलं होतं. हे तुम्हीही ध्यानात ठेवा, लादलेलं म्हणजे आपल्याला नको असलेलं. हवं असलेलं वरून आलं तर त्याला दर्जा म्हणतात.

बरं, नियंत्रण वरून खाली कसं येतं हे डोळ्यांनी बघायचं असेल तर गणवेश बघा. पूर्वी समग्र शिक्षातून एका मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये समितीकडे यायचे, समिती कापड आणायची, गावातला टेलर शाळेत येऊन टेप लावून मापं घ्यायचा. त्यात कुणी पैसे खात नव्हतं असं मी म्हणत नाही, पण शर्टाच्या दोन बाह्या एकाच पोराच्या असायच्या. मग 'एक राज्य, एक गणवेश' आलं. २०२४-२५ ला सगळ्या राज्याला आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट, कापड वरून, शिलाई बचत गटांच्या बायकांकडे. कल्पना किती छान, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एक रंग. जूनमध्ये गणवेश नव्हता, जुलैत नव्हता, १५ ऑगस्टला आमची पोरं झेंड्यासमोर जुन्याच कपड्यांत उभी होती, काही दादाच्या, काही रंगीत.

शेवटी आला. माझ्या पोराचा शर्ट मी खिडकीपाशी नेऊन नीट बघितला. एक बाही मनगटाला टेकत होती, दुसरी कोपराच्या जरा खाली संपली होती. काजं सहा, बटणं पाच. पँट कमरेला अशी की तो एका हातानं ती धरून दुसऱ्या हातानं राष्ट्रगीताला सावधान उभा राहायचा. बायको म्हणाली असू दे, पुढच्या वर्षी बसेल. आणि जिनं तो शिवला तिला तरी काय बोलणार, तिच्याकडे जे तुकडे आले ते तिनं जोडले, पोरगं काही तिला दाखवलं नव्हतं कुणी. डिसेंबर २०२४ ला सरकारनंच निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेश पुन्हा समित्यांकडे दिला. टेलर म्हणाला, मी इथेच होतो की.

(पुस्तकात वहीची कोरी पानं घालायचा प्रयोगही असाच, २०२३ ला आला आणि २०२५ ला गेला. त्यावर जास्त बोलत नाही, पानं कोरीच होती.)

अंड्याचं मात्र सांगायलाच पाहिजे, कारण तिथे तुमचे अधिकार खरोखर वाढलेत. नोव्हेंबर २०२३ पासून पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. शाळेत त्या दिवशी पट पूर्ण भरायचा, तापानं फणफणलेलं पोरसुद्धा यायचं. जानेवारी २०२५ ला सरकारनं सांगितलं की अंड्याला आणि साखरेला वेगळा निधी मिळणार नाही, समितीला वाटलं तर तिनं लोकसहभागातून करावं. लोकसहभाग हा शब्द वहीत लिहून ठेवा, त्याचा अर्थ तुमचा खिसा. अभ्यासक्रम कुठला, भाषा कुठली, परीक्षा कुठल्या तारखेला हे ठरवायला तज्ज्ञ लागतात, ते वर ठरतं. अंड्याचे पैसे कुठून आणायचे हे गावानं ठरवायचं, कारण आपल्या कोंबड्या आपल्यालाच जास्त माहीत.

परीक्षांचं म्हणाल तर २०२५ ला पहिली ते नववी सगळ्या राज्याला एकच वेळापत्रक, २५ एप्रिलपर्यंत. विदर्भातले लोक म्हणाले अहो आमच्याकडे ऊन बघा, त्या उन्हापायीच तर आमच्या शाळा जूनच्या शेवटाला उघडतात. पण ऊन हा विषय अजून समवर्ती सूचीत आलेला नाही, त्यामुळे त्याला वेळापत्रक पाठवता येत नाही, पोरांना येतं.

आता कुणी म्हणेल की मग द्या सगळं गावाच्या हातात. असं कुणी म्हणालं तर त्याला आमची फेब्रुवारीतली बैठक सांगा. भिंत झाली होती (नदीवाली), आणि फाटकावर देणगीदारांची नावं कुठल्या क्रमानं आणि केवढ्या अक्षरात लिहायची यावर पावणेदोन तास गेले. सरपंचांचं नाव वर की ज्यांनी सिमेंट दिलं त्यांचं वर. मग खिचडी शिजवायला कुणाच्या भावकीतली बाई ठेवायची यावर दोघं एकमेकांच्या आजोबांपर्यंत पोचले. 'वाचन उपक्रम' हा विषय पाच नंबरला होता, तोपर्यंत डेअरीला दूध घालायची वेळ झाली. विषय सर्वानुमते मंजूर. तेव्हा दिल्लीत जे होतं ते आपल्याकडे होत नाही असं मानू नका, आपल्याकडे फक्त कमी पगारात होतं.

आणि एक पथ्य. सगळीकडे एकच पातळी कशाला हवी, असं कुणी विचारलं तर ऊसतोडीला आईबापांमागे जाणाऱ्या पोरीचं उदाहरण चुकूनही देऊ नका. दिवाळीनंतर ती जाते, उन्हाळ्यात परत येते. इकडची तिसरी आणि तिकडची तिसरी एक असली तर खरा उपयोग तिलाच, तिला मधूनच कुठेही बसता येईल. पण ती दोन्हीकडच्या कागदावर असते आणि दोन्हीकडच्या वर्गात नसते, तिचं नाव काढलं की चर्चा उगाच भरकटते, अस्मिता वगैरे मागे पडते. तसंच मातृभाषेवर भाषण करायला जे पाहुणे येतील त्यांना "नातू कुठल्या शाळेत जातो?" विचारायचं नाही. नारळ द्या, शाल द्या, सोडा.

बाकी काम सोपं आहे. माझ्या मुदतीतली शेवटची बैठक सांगतो आणि थांबतो. सह्या चालू होत्या, रजिस्टर फिरत होतं. आमच्या एक सदस्या थेट रानातून आल्या होत्या, खुरपं दाराबाहेर ठेवून. कधी बोलायच्या नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "सर, आमची पोर तिसरीत गेली, तिला अजून सरळ वाचता येईना. ते कशात बसतं?"

सगळे गप्प. एक जण म्हणाला नवीन पॅटर्न आलाय ना ताई, जरा वेळ लागतो. दुसरा म्हणाला वरून चाचणी येते तिच्यात कळेलच. मी अध्यक्ष, मी पंख्याकडे बघितलं. हेडसर मात्र खरंच अस्वस्थ झाले, त्यांनी पेनाचं टोपण काढलं, रजिस्टर स्वतःकडे ओढलं, एक ते सहा वाचून काढले आणि ऐनवेळच्या विषयांपाशी येऊन थांबले. तिथे आधीच शाईनं 'निरंक' लिहिलेलं होतं, आणि खाडाखोड दिसली की तपासणीला प्रश्न निघतात.

"पुढच्या बैठकीत पहिला हाच घेऊ," ते म्हणाले आणि रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी पदराला हात पुसला आणि फुली होती तिथे आपलं नाव सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहिलं. पुढची बैठक तुमची आहे.