गाडीला मूळ आलं

इंदुरात तीन पिढ्या काढूनही आमच्या घरात 'मूळ' हा शब्द अजून वापरात आहे. सासरी असलेल्या मुलीला न्यायला माहेरचं माणूस आलं की म्हणायचं, मूळ आलं. बायकोचं माहेर देवासचं, जेमतेम 35 किलोमीटरवर, त्यामुळे वर्षातून तीनदा तरी आमच्या दारी मूळ येतं. तिचा भाऊ येतो, पोहे खातो, वर शेव मागून घेतो, बहिणीला घेऊन जातो आणि मी आठ दिवस पोळ्या बाहेरून आणतो. यंदा वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मात्र मूळ आलं ते गाडीला.

गाडीच्या कंपनीचं पत्र होतं. आपल्या गाडीतल्या इंधनपंपात दोष असण्याची शक्यता आहे, त्यामुळे गाडी चालता चालता बंद पडू शकते, तरी ती वर्कशॉपला आणावी, पंप विनामूल्य बदलून मिळेल. 'विनामूल्य'खाली मी पेनने रेघ ओढली. मग सगळ्यात शेवटी, लग्नपत्रिकेवर 'आहेर आणू नये' ज्या बारीक टायपात छापतात त्या टायपात, एक ओळ होती: सुटा भाग उपलब्ध झाल्यावर आपणास कळवण्यात येईल.

थोडक्यात, लेकीला घरी बोलावलंय, पण घराला सध्या कुलूप आहे.

आपली गाडी खरंच या यादीत आहे का, हे कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून बघायचं होतं. चेसिस नंबर 17 अक्षर-आकड्यांचा असतो आणि तो आरसीवर आपला चष्मा जिथे संपतो तिथून सुरू होतो. मी टाकला. 'अवैध क्रमांक.' परत टाकला. अवैध. मला वाटलं, आरसीवरच चुकीचा छापला असेल, म्हणून गाडीतल्या सीटपुढचा गालिचा उचलून, टॉर्च तोंडात धरून, पत्र्यावर कोरलेला नंबर वाचला. तोही तसाच होता. रात्री साडेदहाला बंगलोरहून मुलाचा फोन आला तेव्हा मी अकराव्या प्रयत्नात होतो.

"बाबा, नववं अक्षर काय टाकलंत?"

"ओ. ओरिसाचा."

"चेसिस नंबरात ओ नसतोच. आय, ओ आणि क्यू ही तिन्ही अक्षरं वापरतच नाहीत. एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून."

गल्लत होऊ नये म्हणून जगभरच्या शहाण्यांनी तीन अक्षरं वाळीत टाकली आणि नेमकी गल्लत माझीच व्हावी! शून्य टाकला. लगेच हिरव्या अक्षरांत उत्तर आलं: आपली गाडी या मोहिमेत समाविष्ट आहे. दहावीचा निकाल लागल्यासारखं बरं वाटलं. मग लक्षात आलं की आपण नापासांच्या यादीत आहोत.

दोष तसा साधा. टाकीत बुडालेला पंप असतो, त्यात प्लॅस्टिकची एक छोटी पंखी गरगर फिरून पेट्रोल इंजिनाकडे ढकलते. आमच्या बॅचच्या पंखीचं प्लॅस्टिक जरा भुसभुशीत निघालं. ते पेट्रोल पितं, फुगतं आणि आजूबाजूला घासायला लागतं. सराफ्यात रात्री अकरा वाजता भुट्ट्याचा कीस, गराडू, वर रबडी असं करून गाडीत बसणाऱ्या माणसाचं जे होतं तेच. फरक इतकाच की माणूस बसल्या जागी डुलक्या घेतो आणि पंखी अडकली तर इंजिन बंद पडतं.

"पण हा पंप असतो कुठे?" आईने विचारलं. आई चौऱ्यांशीची आहे.

"मागच्या सीटखाली."

"कुठल्या बाजूला?"

"तू बसतेस त्या."

आईने जपमाळ खाली ठेवली. गेली दोन वर्षं ती सांगत होती की गाडीत बसलं की खालून काहीतरी गुणगुणतं. किल्ली फिरवली की दोन क्षण पंपाचा बारीक आवाज येतो, तो तिला ऐकू यायचा. आम्ही तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. दोनदा. दोन हजार रुपयांचे थेंब घातले. आता ती काहीच बोलली नाही, फक्त माळ परत उचलली. तिने मेरुमण्यापासून नव्याने सुरुवात केली हे मला सोफ्यावरून दिसलं.

वर्कशॉप देवास नाक्याला. म्हणजे गाडीचं माहेर आणि बायकोचं माहेर एकाच रस्त्यावर, गाडीचं जरा अलीकडे. फोन केला. पलीकडे एक गोड मुलगा होता.

"अंकल, पार्ट अभी नी आया।"

इंदुरी माणसाच्या 'नी'मध्ये नकार असतो पण कडूपणा नसतो, म्हणून मी पहिल्या वेळी चक्क धन्यवाद दिले. आषाढात परत केला. "नी आया अंकल, ऊपर लिख दिया है।" श्रावणात केला तर तो मुलगाच दुसऱ्या कंपनीच्या शोरूमला गेला होता. त्याच्या जागी आलेल्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, चेसिस नंबर शून्यासकट. महिनाभरात तोही गेला. तिसरी एक मुलगी आली. माणसं तिकडे टिकत नव्हती, पंप इकडे येत नव्हता आणि हकीकत सांगून सांगून माझी मात्र कीर्तनकारासारखी बैठक बसली होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं पाठ.

यात दर सोमवारी सकाळी नऊला मोबाइलवर कंपनीच्या मुख्य कार्यालयाचा संदेश: आपल्या सुरक्षिततेसाठी त्वरित वर्कशॉपला भेट द्या. सहा सोमवार मी सहन केलं. सातव्याला संदेश दाखवायला स्वतः देवास नाक्याला गेलो. रिक्षाने. मुलीने वाचला, हसली.

"ये तो ऑटोमेटिक आता है, अंकल।"

"और पंप?"

"वो तो मैन्युअल आएगा ना।"

"तोवर गाडी चालवू की नको?"

"चला लो। बस ध्यान से।"

ध्यान कुठे द्यायचं, हे विचारायचं राहून गेलं. ते मुलाने फोनवर सांगितलं. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग एकदम जड होतं. ब्रेक एक-दोनदा नेहमीसारखा लागतो, मग तोही पाय रोवून दाबावा लागतो. घाबरायचं नाही, चारही इंडिकेटर लावायचे, आहे त्या वेगात डाव्या कडेला यायचं. बायकोने हे ऐकलं आणि नवी वाहतूक संहिता जाहीर केली. बायपासवर जायचं नाही. पुलावर चढायचं नाही. पावसात तर नाहीच. आणि एकूणच ढकलायला ओळखीची माणसं मिळतील तेवढ्याच भागात गाडी न्यायची. ओळखीची माणसं लोकमान्य नगरात. त्यामुळे चार महिने आमची आठ लाखांची गाडी भाजी, दळण आणि आईचं देऊळ यांच्या पलीकडे गेली नाही. दळणाला तर मी पायीही जातो, पण बॅटरी उतरू नये म्हणून डबा गाडीने फिरवून आणायचो. गिरणीवाल्याला वाटायचं, काकांच्या पायाचं काहीतरी झालंय.

वरच्या मजल्यावर नाना राहतात. जिल्हा कोर्टात हयात गेली. त्यांचा सल्ला एकच असतो.

"ठोका दावा. 1 एप्रिल 2021 पासून नियम आहे. सात वर्षांच्या आतली गाडी, सुरक्षेचा दोष, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. ऐकलं नाही तर दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड."

"पण नाना, त्यांनी आपण होऊन बोलावलंय."

"आपण होऊन?" नानांचा चेहरा पडला. गाडीवाल्या कंपन्यांनी 2012 साली आपणहून गाड्या परत बोलावण्याची एक संहिता स्वीकारली होती, हे त्यांनी मोठ्या दुःखाने सांगितलं. ज्याने घोडचूक कबूल केली आहे त्याच्यावर वकील काय करणार? जाताना जिन्यात म्हणाले, "आमच्या स्कूटरला तीस वर्षांत कोणी परत बोलावलं नाही." खरं होतं. ती स्कूटर घरापासून इतक्या लांब कधी गेलीच नव्हती की तिला परत बोलवावं लागेल.

पंप का येत नाही, हे मला अखेर शाखेतले एक जुने स्नेही समजावून गेले. ते पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेत. पीथमपूर म्हणजे इथून तासाभरावर. ट्रक तिथे बनतात, सुटे भाग तिथे बनतात, गाड्या पळवून बघायला 11.3 किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक तिथे आहे. उंबराच्या झाडाखाली बसून मी उंबराची वाट बघत होतो.

"असं आहे," ते चहात पाव बुडवत म्हणाले, "पंप बनवणारा एकच. त्याचं यंत्र महिन्याला नव्या गाड्यांना लागतील तेवढे पंप काढतं. जुना डाय म्हणजे साचा बदलला, नवं प्लॅस्टिक आलं, ते महिनोन् महिने पेट्रोलात बुडवून तपासलं. आता मागच्या दोन वर्षांच्या सगळ्या गाड्यांना एकदमच पंप हवेत आणि कारखान्यातल्या नव्या गाड्यांनाही तेच हवेत. आधी कुणाला देणार?"

"ज्याला धोका आहे त्याला."

ते पाव खाईपर्यंत थांबले. "नवी गाडी पंपाशिवाय विकता येत नाही. तुमची विकून झालेली आहे."

मला इतकं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं. मग त्यांनीच धीर दिला. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगांचं उदाहरण दिलं. जगभरात सुमारे 10 कोटी फुगवणी यंत्रं बदलायची होती आणि पुरवठाच नव्हता, म्हणून अमेरिकेत जुन्या गाड्या आणि दमट-उष्ण हवेचे प्रदेश आधी, बाकीचे नंतर असे नंबर लावले. वर्षानुवर्षं ते काम चाललं. "तुमचे अजून तीन महिनेही झाले नाहीत," ते म्हणाले. पंगतीत आपल्यापर्यंत वाढपी येईना म्हणून कुरकुरावं आणि शेजारच्याने सांगावं की मागे एका लग्नात दुसऱ्या दिवशी जेवण मिळालं होतं, तसं वाटलं.

गौरी जवळ आल्या. बायकोला मूळ आलं. मेहुणा दरवेळी आमच्या गाडीने सगळ्यांना घेऊन जातो, यंदा तो मोटारसायकलवर आला. गाडीकडे त्याने टीबी झालेल्या माणसाकडे बघावं तसं लांबूनच बघितलं. शेवटी बायको आणि दोन पिशव्या मी रिक्षाने सरवटे स्टँडला सोडल्या. बसच्या खिडकीतून ती म्हणाली, "तुमच्या त्या पंपासाठी खजराण्याला उलटा स्वस्तिक तरी काढा."

इंदुरात याला पर्याय नाही. नवी गाडी घेतली की खजराण्याच्या गणपतीला आणायची, नवस असेल तर देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढायचा, काम झालं की जाऊन सरळ काढायचा. मी गेलो. भिंतीवर नोकरीचे, लग्नाचे, कोर्टाचे असे शेकडो स्वस्तिक. त्यात एका कोपऱ्यात इंधनपंपाचा काढला. मनात भाग क्रमांकही म्हणालो, नंतर गल्लत नको.

भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी फोन वाजला.

"अंकल, पंप आ गया!"

पहाटेच गाडी धुतली. बायको पुढे, आई मागे. आईला घरी ठेवायचा प्रयत्न केला होता, पण तिला तो गुणगुणणारा प्राणी समक्ष बघायचा होता. बायकोने स्टेपनीशेजारी पाण्याच्या चार बाटल्या ठेवल्या. पलासिया, विजय नगर, एकही झटका नाही. देवास नाक्याला पोचलो तेव्हा मी मनात आरती म्हणत होतो.

मेकॅनिकने मागची सीट उपसली. खाली आमच्या घराण्याचा इतिहास होता. रतलामी शेव, जिरावनाची फुटलेली पुडी, एक दोन रुपयांचं नाणं, खजराण्याच्या लाडवाचा कागद आणि या सगळ्याच्या मधोमध आईची पितळेची सुपारीची डबी. दोन वर्षांपूर्वी देवासच्या मुंजीत हरवली होती. तिचा संशय एका भावजयीवर होता आणि त्यावरून दोन घरांत अजून हळदीकुंकवाचं येणं-जाणं बंद आहे. बायकोने आईकडे बघितलं. आईने छताकडे.

मेकॅनिकने पत्र्याचं झाकण मोकळं केलं, मग नवा खोका फोडला. आत पंप होता, पांढरा, चकचकीत. त्याने खोका उलटा केला, हलवला, आत हात घालून बघितला. सल्लागार मुलीला हाक मारली. दोघं कुजबुजले. ती माझ्याकडे आली.

"अंकल, पंप के साथ सील लगती है ना... ओ-रिंग। वो नी आई।"

"काय नाही आलं?"

"ओ-रिंग। टंकी खुली तो पुरानी वाली वापस नी लगा सकते, लीक करेगी।"

ओ. मी एवढंच विचारलं, "शून्य चालेल का?" तिला कळलं नाही. बायकोला कळलं, पण ती हसायच्या मनःस्थितीत नव्हती. तिच्यापुढे निराळाच प्रश्न होता. पंप आला पण बसला नाही, तर स्वस्तिकाचं काय करायचं? अर्धा सरळ?

मेकॅनिकने झाकण होतं तसं बसवलं, सीट परत ठेवली. रिंग पंधरा दिवसांत येईल, मुलगी म्हणाली. ऊपर लिख दिया है.

परतीच्या वाटेवर कोणी बोललं नाही. किल्ली फिरवली तेव्हा दोन क्षण ती गुणगुण आली. यावेळी मलाही ऐकू आली. विजय नगरच्या सिग्नलला आरशात बघितलं तर आईने सुपारीचं खांड तोंडात टाकलं, डबी पदराने पुसली आणि सीटच्या फटीतून हळूच परत आत सारली.

"अगं, काय करतेस? परत हरवेल!"

"कशाने हरवेल?" आई म्हणाली. "पंधरा दिवसांनी उघडणारच आहेत की."