‘क्लीनिंग केलं की दात हलतात’: त्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत हा मेसेज मला चार पेशंटनी दाखवला आणि परवा माझ्या सख्ख्या मावशीनेही पाठवला. ‘दातांच्या डॉक्टरकडे जाण्याआधी वाचा’ असं वर लिहिलंय आणि खाली सहा मुद्दे आहेत. मशीनने दात साफ केले की ते हलायला लागतात. वरची दाढ काढली की नजर जाते. मिश्रीने हिरड्या घट्ट होतात. लिंबू आणि खायचा सोडा चोळला की दात घरीच पांढरे होतात. फ्लोराइडची पेस्ट विषारी असते. आणि दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांच्यावर पैसे घालवू नका.

मी पुण्यात धनकवडीत 22 वर्षं दातांचा दवाखाना चालवते. या मेसेजमधल्या बऱ्याच गोष्टी कुणीतरी खरंच पाहिलेल्या आहेत. चूक आहे ती त्यांना चिकटवलेल्या कारणात. पण त्या कारणावर विश्वास ठेवून माणसं घरी थांबतात आणि दात गमावतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘मशीनने साफ केले की दात हलतात.’

साफ केल्यावर काहींना दात सैल वाटतात, दातांत फटी दिसतात, गार पाणी झोंबतं. हे अगदी खरं आहे. पण असं का होतं ते बघा. दातांवर रोज एक चिकट थर जमतो. तो ब्रशने निघाला नाही, तर लाळेतल्या कॅल्शियममुळे काही दिवसांत दगडासारखा कडक होतो. हेच कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या मागे ते सगळ्यात जास्त साठतं, कारण जिभेखालच्या लाळग्रंथी तिथेच उघडतात. कीटण हिरडीच्या खाली सरकत गेलं की हिरडी सुजते, मागे हटते, आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. यात बहुतेक वेळा काहीच दुखत नाही, ही सगळ्यात वाईट गोष्ट. म्हणजे दात तेव्हाच सैल झालेला असतो, फक्त कीटणाचा पट्टा चार-सहा दातांना एकत्र जखडून ठेवतो. पट्टा काढला की दाताची खरी अवस्था कळते, आणि दोष मशीनवर येतो.

मागच्या वर्षी आंबेगावहून एक काकू आल्या होत्या. खालच्या सहा दातांच्या मागे कीटणाची सलग भिंत होती. मी आरसा हातात दिला, तर म्हणाल्या, “हे दातच ना माझे?” कित्येक वर्षं जीभ त्या भिंतीवरच फिरत होती, त्यामुळे ती त्यांना दाताचाच भाग वाटत होती. पहिला तुकडा ट्रेमध्ये टिक्‌ करून पडला. हरभऱ्याच्या डाळीएवढा, पिवळट, एका बाजूने काळा. त्यांनी तो उचलून नखाने खरवडून पाहिला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पाच वर्षांपूर्वी त्या दात साफ करून घ्यायला निघाल्या होत्या, पण जाऊबाईंनी “नको, दात हलतील” म्हणून अडवलं होतं. आता मधल्या दोन दातांना हाडच उरलं नव्हतं, ते काढावे लागले. बाकीचे चार अजून आहेत.

मशीनबद्दलही सांगते. तिचं टोक दात घासत नाही. ते सेकंदाला साधारण 25 ते 30 हजार वेळा थरथरतं, त्या कंपनांनी कीटण तडकतं आणि पाण्याच्या फवाऱ्याबरोबर सुटून येतं. गार झोंबणं बहुतेकांचं आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतं.

‘वरची दाढ काढली की नजर जाते.’

वरच्या दातांना जाणीव देणारी नस चेहऱ्याला जाणीव देणाऱ्या नसेची फांदी आहे. बघण्याची नस पूर्ण वेगळी, बुबुळाच्या मागून थेट मेंदूत जाणारी. दोघींचा संबंध नाही. मात्र ज्या वयात दाढा काढायची वेळ येते, त्याच वयात मोतीबिंदूही पिकायला लागतो. आजोबांची दाढ दिवाळीत काढली आणि होळीला धूसर दिसू लागलं, तर घरचे दोन्ही जोडणारच. डोळ्याला धोका आहे तो उलट बाजूने. वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला तर सूज डोळ्याखालपर्यंत चढते. अशी सूज दिसली की त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

‘मिश्रीने हिरड्या घट्ट होतात.’

या मुद्द्यावर मला राग येत नाही, वाईट वाटतं. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो वास माझ्या लहानपणाचा आहे. आजी भल्या पहाटे डबी घेऊन अंगणात बसायची. ती म्हणायची, मिश्री लावली की दाताला बरं वाटतं. तिला खरंच बरं वाटत होतं. रात्रभर निकोटिन मिळालेलं नसतं, सकाळी तगमग होते, मिश्री लावली की ती थांबते. तो आराम दाताचा नसून सवयीचा असतो. हिरडी मात्र जिथे बोट फिरतं तिथेच मागे हटत जाते. धूर न ओढता वापरलेला तंबाखूही माणसात कर्करोग करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पक्कं ठरवलेलं आहे. आपल्या सरकारनेही 1992 मध्ये दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. घरी भाजलेल्या मिश्रीला तो कायदा कसा गाठणार?

घरात कुणी मिश्री लावत असेल तर महिन्यातून एकदा उजेडात त्यांचं तोंड बघा. ओठाच्या किंवा गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही दिसलं तरी दाखवायला आणा. या बायका लाजून बोलत नाहीत. त्यांना रागावू नका, नाहीतर त्या तोंडच उघडणार नाहीत.

‘लिंबू आणि सोडा.’

लिंबू चोखल्यावर दात आंबतात, हा अनुभव सगळ्यांचा आहे. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त. दाताचं वरचं कवच साधारण 5.5 पीएचच्या खाली विरघळायला लागतं आणि लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5 च्या आसपास असतो. त्यावर सोडा चोळला की मऊ झालेलं कवच खरवडलं जातं. पहिले काही दिवस दात पांढरे दिसतात. कवच पातळ झालं की आतला पिवळा थर डोकावतो आणि दात आधीपेक्षा पिवळे दिसतात. ते कवच शरीर पुन्हा तयार करत नाही.

‘फ्लोराइड विषारी आहे.’

चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, हाडंही दुखतात. भीती तिथूनच आली. पण तो परिणाम वर्षानुवर्षं तसलं पाणी प्यायल्याचा. पेस्ट आपण थुंकतो. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइडची मर्यादा 1000 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, आहे, आणि 2021 मध्ये फ्लोराइडची पेस्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेली. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. तुमची सोसायटी खडकवासल्याच्या पाण्याऐवजी बोअरवेलवर असेल, तर पाणी एकदा तपासून घ्या.

खर्चाची भीतीही या मेसेजच्या मागे आहे आणि ती खोटी नाही. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही त्यांना मी स्वतः डेंटल कॉलेजला पाठवते. इथे धनकवडीत भारती विद्यापीठाचं आहे, वडगाव बुद्रुकला सिंहगडचं, कॅम्पात रंगूनवाला. शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पैसे कमी.

‘दुधाचे दात पडणारच.’

पडणारच, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पाचव्या वर्षी किडलेली दाढ तशीच सोडली तर पोर पुढची कित्येक वर्षं एकाच बाजूने चावतं, रात्री ठणक्याने उठतं. ती लवकर काढावी लागली तर शेजारची दाढ त्या जागेत कलते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट राहत नाही.

आणि आईवडिलांच्या हातून सगळ्यात जास्त निसटते ती सहाव्या वर्षाची दाढ. ती कुठलाही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते. सगळ्यांना ती दुधाचीच वाटते. ती किडते, आणि “पडेल की आपोआप” म्हणून तशीच राहते. आज रात्री मुलाला ब्रश करताना टॉर्च घ्या आणि समोरच्या मधल्या दातापासून एका बाजूला मोजत जा. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. सहावा दिसला, तर तो पक्का आहे.