‘त्यांना शिकायचंच नसतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी भागात येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, ‘या लोकांना पोरं शिकवायचीच नसतात, हाताखाली माणूस हवा असतो.’ दुसरा, ‘त्यातली जी शिकतात ती सायन्सच्या मागं लागतात आणि अर्ध्यात सोडतात, त्यापेक्षा आयटीआय करावं.’ शिकायचं नसणारी माणसं सायन्सच्या मागं कशाला लागतील?

बीडकडून आलेल्या एका बाईनं खोपीतल्या पिठाच्या डब्यामागून प्लास्टिकची पिशवी काढून मला दाखवली. आधार कार्डं, रेशन कार्ड आणि लेकीचं पाचवीचं प्रगतिपुस्तक. इथल्या मराठी शाळेत का घातलं नाही, असं विचारलं तर म्हणाली, ‘दाखला मागतेत. गावची शाळा देत नाही, चैतात परत येणार ना म्हणते.’ आई-बाप पहाटे फडात गेले की धाकटा भाऊ त्या लेकीच्याच कडेवर असतो, हे तुमचं खरं आहे. पण शाळेचं दार उघडं असतं तर ती भावाला घेऊन तिथं बसली असती, असं मला वाटतं.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की मूल दुसऱ्या राज्यात गेलं तरी त्याला तिथल्या शाळेत जाता येतं, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हा हक्क आठवीपर्यंतच. नववी-दहावीच्या पोरांना हा आधारही नाही, आणि दहावीची परीक्षा येते नेमकी गाळप हंगामाच्या शेवटाला. घरी आजी असेल तर मुलगा गावी राहतो. वयात आलेल्या मुलीला मागं ठेवायला आई-बाप घाबरतात, मग ती कोयत्यामागं येते, नाहीतर तिचं लग्न लावून टाकतात. याची मला मनापासून चीड येते.

इकडं आलेल्या मुलापुढं कन्नडही असतं. 2015 च्या कायद्यानं ते इथल्या शाळांत सक्तीचं झालं. नोव्हेंबरात येऊन वर्गात बसलेल्या पोराला त्याची अक्षरओळखही नसते.

आता सायन्सचं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रेमों बुदों यांनी 1974 मध्ये दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या: मुलाला गुण किती पडतात, आणि तेवढ्याच गुणांवर ते पुढं काय निवडतं. स्वीडन, इंग्लंडमधल्या अभ्यासांत दिसलं की गुण सारखे असतील तर स्थलांतरितांची मुलं स्थानिक मुलांपेक्षा वरची, म्हणजे जास्त शिक्षणाची, वाट धरतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत भट्टीपुढं उभ्या असलेल्या परप्रांतीय बापालाही आपल्या पोरानं तिथं उभं राहू नये असंच वाटतं. त्याची हाव मोठी आहे म्हणून पोरगं गळत नाही. घरात अभ्यास सांगणारं कुणी नसतं, भाषा नवी असते आणि ट्यूशनला पैसे नसतात, म्हणून गळतं. आणि आयटीआयच्या बहुतेक ट्रेडला दहावी पास लागतं. जी मुलं दहावीपर्यंत पोचतच नाहीत, त्यांना तुमचा सल्ला कसा लागू पडणार?

या मुलांच्या शाळेशी साखर ‘कारखान्यांचा काय संबंध?’ असंही तुम्ही विचारलंत. मुकादमामार्फत टोळ्यांचे करार हंगामाच्या कितीतरी आधी होतात, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिली जाते. कोणती टोळी कुठं उतरणार हे कारखान्याला आपल्या आधी कळतं. त्याच वेळी मुलांची यादी तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या (बीईओ) ऑफिसला दिली, तर दाखल्याचं काम टोळी निघण्याआधीच होईल. नववी-दहावीच्या मुलींसाठी त्यांच्याच तालुक्यात हंगामभर वसतिगृह हवं, हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं आणि त्यावर ठाम आहे.