पाया खोल घेतला की कुठलीही जमीन चालते?

‘आजच्या तंत्रज्ञानाने कुठल्याही जमिनीवर शहर वसवता येतं. पाया खोल घ्या, इमारत मजबूत बांधा. बिल्डर माती तपासतातच. भूवैज्ञानिक नकाशांचा आग्रह म्हणजे विकासात खोडा.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय, आणि तो धोकादायक आहे. भूवैज्ञानिक नकाशा म्हणजे कुठे कोणता खडक, कोणती माती आहे ते दाखवणारा नकाशा.

‘पाया खोल घ्या.’ खोल पायाने इमारत तरते. रस्ते, जलवाहिन्या, गटारं मात्र वरच्या मऊ थरातच राहतात. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये २०१०-११ च्या भूकंपांत पाण्याने भरलेली वाळू द्रवासारखी वाहू लागली आणि जमीन खचली. शेवटी सुमारे ८,००० मालमत्तांचा भाग निवासासाठी बाद ठरवावा लागला. त्यातल्या बहुतेक नदीकाठच्या सखल भागातल्या होत्या.

‘इमारत मजबूत बांधा.’ बांधाच, पण कशावर? १९८५ च्या भूकंपाचं केंद्र मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर होतं. तरीही शहरात हजारो माणसं गेली. हानी एकवटली ती बुजलेल्या जुन्या तलावाच्या गाळावर. त्या ओल्या चिकणमातीने दोन सेकंदांच्या आसपासची लय असलेले हादरे कित्येक पटींनी वाढवले, आणि साधारण सहा ते पंधरा मजली इमारती स्वतःही त्याच लयीत डोलणाऱ्या असल्याने नेमक्या सापडल्या. त्याच शहराच्या खडकाळ भागात नुकसान फारच कमी झालं. तलावाची ती हद्द भूवैज्ञानिक नकाशावर स्पष्ट दिसते. मला तरी याहून बोलका पुरावा माहीत नाही.

‘बिल्डर माती तपासतातच.’ एका भूखंडापुरती, तीही शहराचा विकास आराखडा मंजूर झाल्यावर. वरच्या डोंगराचे थर उताराकडे कललेत का, शेजारी चुनखडीत पोकळ्या आहेत का, हे माती तपासायला त्या भूखंडात पाडलेल्या बोअरमधून कळत नाही. उलट बाजूही खरी आहे: १:५०,००० च्या नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर, त्यामुळे नकाशा पाहून पाया ठरवता येत नाही. जागा निवडायला नकाशा, पाया ठरवायला बोअर.

राहिला ‘खोडा’. नकाशा बांधकाम थांबवत नाही, कुठे काय शोभेल ते सांगतो. पूरमैदानात मैदानं आणि उद्यानं, भूजल मुरतं तिथे मोकळी जमीन, पक्क्या खडकावर उंच इमारती. कुठली जमीन कशासाठी योग्य हे ठरवताना तिला गुण दिले जातात; खरा वाद घालायचा तर त्या गुणांकनावर घाला. उतार, खडक, भूजल, पूर यांना किती गुण द्यायचे हे माणसंच ठरवतात, आणि गुण बदलले की ‘योग्य’ जमीनही बदलते. म्हणून ते गुण कोणी आणि कशाच्या आधारे दिले, हे हरकती मागवण्याआधी आराखड्यासोबत जाहीर व्हायला हवं.